नाव पुकारण्याची रीत

"चिदोरी," असे कोणीतरी स्पष्ट स्वरात म्हणाले, आणि देवदत्ताच्या हातातली पेन्सिल कागदावर जिथे होती तिथेच थांबली. नोव्हेंबरातल्या शनिवारची दुपार होती. टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या नागरी केंद्रातील दुसऱ्या मजल्यावरच्या दालनात बुटकी मेजे जोडून लांबट चौकोन केलेला होता आणि त्याभोवती हायकूमंडळाची माणसे गुडघे मोडून बसली होती. कोपऱ्यात उकळत्या पाण्याचा मोठा थर्मास अधूनमधून उसासा टाकत होता. मंडळाची रीत जुनी होती, आणि देवदत्ताला जुन्या रीतींविषयी जो आदर होता तो त्याच्या बँकेतील सहकाऱ्यांना नेहमीच थोडा हास्यास्पद वाटे. प्रत्येकाने आपल्या रचना नाव न घालता अरुंद पट्ट्यांवर लिहून द्यायच्या. त्या पट्ट्या पिसून पुन्हा वाटायच्या. ज्याच्या हाती ज्या पडतील त्याने त्या आपल्या अक्षरात उतरवून घ्यायच्या, म्हणजे हस्ताक्षरावरूनही कर्ता ओळखू येऊ नये. मग ज्याला जी रुचेल ती त्याने निवडायची. निवडलेली रचना मोठ्याने वाचली गेली, की जिची ती असेल त्या व्यक्तीने बसल्या जागेवरून आपले काव्यनाम पुकारायचे. काव्यनामच. आईबापांनी ठेवलेले नाव, आडनाव, गाव, हुद्दा यांपैकी काहीही त्या दालनात कोणी कोणाला विचारीत नसे. पादत्राणांबरोबर तेही खालच्या कप्प्यात ठेवून यायचे.

वाचली गेलेली रचना अशी होती:

पहिली थंडी —
जिथे दार होते तिथूनच
आत जाते मी

ती वाचून होताच ते नाव पुकारले गेले होते, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, चिदोरी जिवंत होती. देवदत्ताने मान वर करण्यापूर्वीच्या त्या एका श्वासात तिचा करडा स्वेटर, अनामिकेने चष्मा वर सरकवण्याची तिची लकब, उन्हात वाळलेल्या माशांचा तिच्या कापडी पिशवीला येणारा पुसट वास, हे सारे आपापल्या जागी येऊन बसले. मग त्याने पाहिले. खिडकीच्या बाजूला, जिथे नवीन माणसांना बसवीत, तिथे एक पन्नाशीची अनोळखी बाई बसली होती. तिचा चेहरा रुंद होता, केस कानांपर्यंत कापलेले होते, आणि ज्या नावाने तिने नुकतीच ओ दिली होती त्या नावाचा तिलाही थोडा संकोच वाटत असावा, कारण ती आपल्या हातांकडे पाहत होती.

"एन्शू-सान, पेन्सिल गिळताय की काय?" शेजारच्या गामाने कोपर मारले. गामा म्हणजे भला मोठा बेडूक. मंडळाचा हा चिटणीस दारूचे दुकान चालवीत असावा असा सगळ्यांचा कयास होता, कारण त्याच्या अंगाला तसा वास येई. पण विचारण्याची सोय नव्हती. एन्शू हे देवदत्ताचे काव्यनाम. दूरवरची होडी, असा त्याचा अर्थ. मंडळाचे गुरू कोगेत्सु-सेनसेई यांनी ते त्याला दिले, तेव्हा ते म्हणाले होते, "लांबून आलात म्हणून नव्हे. तुम्ही जवळ बसलात तरी लांबच दिसता म्हणून."

सेनसेई ऐंशीच्या पुढचे होते आणि ऐकू यायचे यंत्र त्यांना आवडत नसल्यामुळे ते नेहमी अर्धवट खिशात असे. त्यांनी ते कानात बसवले आणि शांतपणे सांगितले, की या बाई ईशान्येच्या किनाऱ्यावरच्या आहेत, त्यांचे घर राहिलेले नाही, सरकारने आपल्याच वॉर्डात त्यांना तात्पुरते बिऱ्हाड दिले आहे. त्यांच्या रचनांत किनारा आहे आणि आपल्याकडे किनाऱ्यावरच्या पक्ष्याचे एक नाव रिकामे आहे. आजच्यापुरते ते त्यांनी वापरून पाहिले. डिसेंबरच्या बैठकीत ते रीतसर दिले जाईल. मंडळाच्या प्रथेप्रमाणे तेव्हा सर्वांना विचारले जाईल. एकाचीही हरकत असली तर नाव दिले जाणार नाही.

'रिकामे आहे' या शब्दप्रयोगाशी देवदत्ताचे मन तत्काळ वाद घालू लागले. वाद घालणे हा त्याचा स्वभाव होता. गेल्या पिढीतल्या ठाशीव मराठी गद्यावर तो पोसला होता, आणि एखादा शब्द चुकीच्या जागी बसलेला दिसला की त्याला दाढ ठणकल्यासारखे होई. घर रिकामे होते, खुर्ची रिकामी होते. त्यासाठी कोणीतरी उठून गेलेले असावे लागते, आणि तिला उठून जाताना कोणी पाहिले? बैठक संपल्यावर चहाचे पेले विसळले जात असताना तो सेनसेईंच्या समोर जाऊन बसला.

"सेनसेई, नाव देणे म्हणजे ती मेली असे आपण ठरवणे आहे. आपल्याकडे पुरावा काय?"

"जिवंत असल्याचा तुमच्याकडे काय आहे?"

"नसेल. पण शंकेचा फायदा तिला मिळायला हवा."

"तुमचे हे कोर्टातले बोलणे मला कळत नाही." म्हातारा हसला. "एन्शू-सान, मी तिसरा कोगेत्सु आहे. माझे गुरू दुसरे. पहिल्यांना मी पाहिलेही नाही. कोणी कोगेत्सु म्हटले की आम्ही तिघेही वळतो. नाव घडी घालून ठेवले तर त्याला कसर लागते."

"आणि ती परत आली तर?"

सेनसेईंनी कानातले यंत्र काढून खिशात टाकले. हे त्यांचे उत्तर होते की वार्धक्य, हे देवदत्ताला ठरवता आले नाही.

पहिली चिदोरी महिन्यातून एकदा येई. रात्रीच्या बसने निघून सकाळी टोकियो स्टेशनावर उतरायचे, दुपारी बैठक, आणि संध्याकाळी पुन्हा परतीची बस. इतक्या लांबून का येते, असे कोणी विचारले नाही. विचारणे रीतीत बसत नव्हते. ती उत्तरेकडच्या कुठल्याशा किनाऱ्यावरून येते एवढेच ठाऊक होते. नदीच्या मुखाजवळचे शहर की डोंगराआडचे खेडे, याचा पत्ता नव्हता. एकदा तिने वाळवलेल्या समुद्रशेवाळाचे पाकीट देवदत्ताला दिले होते. ज्योत्स्नाने, म्हणजे त्याच्या पत्नीने, ते तुरीच्या आमटीत टाकून पाहिले, तोंड वाकडे केले, पाकीट नळाखाली विसळले आणि प्लास्टिकच्या कचऱ्याच्या ठरलेल्या दिवशी शहाण्या रहिवाशाप्रमाणे बाहेर ठेवले. त्या पाकिटावर कुठल्यातरी गावाचे नाव छापलेले असणारच. पुढे कितीतरी रात्री देवदत्त ते पाकीट डोळ्यांसमोर आणण्याचा प्रयत्न करी. हिरवा रंग दिसे, एका कोपऱ्यातली लाट दिसे, आणि अक्षरांच्या जागी नळाचे पाणी वाहत असे.

हायकूमंडळात तो कसा आला, याचे त्याने ज्योत्स्नाला दिलेले कारण असे, की भाषा सुधारेल. खरे कारण त्याला स्वतःलाही उशिरा कळले. देवदत्त दिगंबर सबनीस हे नाव उच्चारल्याबरोबर मुंबईच्या मुख्य कचेरीतला कोणीही मनुष्य त्याची जात, त्याच्या वडिलांची नोकरी, त्याचे राजकारण आणि बहुधा त्याच्या घरातली आमटीची चव, एवढे सगळे एका दमात ओळखत असे. ते नाव म्हणजे त्याच्या आधीच येऊन बसलेला एक वाचाळ नातेवाईक होता. टोकियोच्या शाखेत ते 'देबुदात्तो-सान' झाले आणि तो नातेवाईक निम्मा मुका झाला. पण या दालनात तो आलाच नाही. इथे आपण फक्त आपल्या तीन ओळींएवढे, ही जाणीव त्याला प्रथम थंड पाण्यासारखी लागली होती. तेव्हापासून मंडळाच्या रीती तो जपानी सदस्यांपेक्षाही कसोशीने पाळू लागला. गामा कधी विसरून आपल्या सुनेच्या बाळंतपणाची गोष्ट सांगू लागला, तर देवदत्त मान खाली घालून आपला चहा ढवळत राही, इतका, की गामा गप्प होई.

आणि म्हणूनच फलाटावरचा एक प्रसंग घडला. दोन हजार अकरा सालचा फेब्रुवारी होता. कसाई स्टेशनाचा फलाट उंचावर आहे. खाडीवरून येणारा वारा तिथे आडवा लागतो. चिदोरी टोकियो स्टेशनाकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होती आणि तो सभ्यपणे तिला पोचवायला वर आला होता. तिच्या पिशवीत सगळ्यांनी दिलेले सेंबेई होते, तांदळाच्या पापड्या, आणि वाऱ्याने तो कागद सारखा कुरकुरत होता. गाडीची घोषणा झाली. तिने अनामिकेने चष्मा वर केला.

"एन्शू-सान, इतकी वर्षे झाली. मला वाटते, आता तुम्हाला माझे खरे नाव —"

देवदत्ताने हात वर केला. वाहतुकीच्या पोलिसासारखा, तळवा पुढे करून. "नको, राहू दे. माझ्यासाठी आपण चिदोरी-सान आहात तेच बरे."

ती हसली. हसताना तिने तोंडावर हात धरला. "तुम्ही तर आमच्याहून जपानी झालात हो," ती म्हणाली. आणि ते वाक्य त्याने एखाद्या मानचिन्हासारखे घरी आणले, ज्योत्स्नाला ऐकवले, मुलीला, अक्षयाला, ऐकवले, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बँकेतही ऐकवले. हात वर होण्याआधी तिचे ओठ उघडले होते. एक उच्चार सुरू झाला होता. तो 'आ' होता की 'ओ', की नुसता श्वास, याचा निवाडा करण्यात त्याचे पुढचे दिवस गेले. हे मन शब्दांच्या सूक्ष्म भेदांचा आयुष्यभर गर्व वाहणारे होते, आणि तो एक स्वर काही त्याला परत मिळवता येईना.

मार्चमधल्या त्या दुपारी, भूकंप झाला तेव्हा, तो मध्य टोकियोतल्या कचेरीत उंच मजल्यावर होता. इमारत बोरूसारखी वाकली आणि पुन्हा सरळ झाली. गाड्या बंद होत्या म्हणून तो हजारो मूक माणसांबरोबर चालत, आराकावा नदीचा पूल ओलांडून, घरी आला. पुलावर कोणी बोलत नव्हते. फक्त बुटांचा आवाज. घरी ज्योत्स्ना आणि अक्षया जेवणाच्या टेबलाखाली पांघरूण घेऊन बसल्या होत्या आणि टीव्हीवर समुद्राच्या लाटेची एक काळी रेघ शेते गिळत पुढे सरकत होती. बँकेने चार दिवसांत त्या दोघींना विमानात बसवून पुण्याला धाडले. तो एकटा राहिला. कर्तव्यासाठी राहिलो, असे तो म्हणे, आणि ते खोटे नव्हते. पण रोज सकाळी वर्तमानपत्रात मृतांची नावे छापून येत, बारीक टाइपात, रकानेच्या रकाने, नाव आणि वय, नाव आणि वय, आणि तो भिंग घेऊन त्यांच्यासमोर बसे. तिथे चिदोरी नव्हती. चिदोरी असणे शक्यच नव्हते. ती त्या रकान्यांत कुठेतरी दुसऱ्याच नावाने पडलेली असेल आणि त्याची बोटे रोज तिच्यावरून जात असतील. किंवा नसेलही. एप्रिलमध्ये मंडळाची माणसे जमली तेव्हा सेनसेईंनी प्रत्येकाला विचारले, कोणाला तिचे नाव ठाऊक आहे काय? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. तिचे पत्र कधी आले नव्हते. ती यायची, एवढेच. "आपण किती सभ्य माणसे आहोत," गामा म्हणाला, आणि चष्मा काढून डोळे पुसू लागला. फलाटाविषयी देवदत्त काही बोलला नाही.

मे महिन्यात तो स्वयंसेवकांच्या बसने तिकडे गेला. कुठल्या गावी जायचे हे ठाऊक नसल्यामुळे जिथे बस जात होती तिथे गेला. शाळेच्या व्यायामशाळेत पुठ्ठ्याचे आडोसे करून माणसे राहत होती, आणि प्रवेशदारापाशी भिंतभर चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. अमक्याला शोधतो आहोत. अमकी सुखरूप, मावशीकडे आहे. बाबा, आम्ही टेकडीवरच्या देवळात आहोत. तो ओठ हलवीत एकेक नाव वाचू लागला आणि प्रत्येक नाव उच्चारताना आपल्याच तोंडाचा आकार तपासू लागला: असा होता का? की असा? दंडाला पिवळी फीत बांधलेली एक मुलगी आली. "कोणाला शोधताय? नाव सांगा, मी बघते." देवदत्ताने कमरेत वाकून तिचे आभार मानले, आपण परदेशी आहोत, भाषा येत नाही, असा हाताने अभिनय केला आणि बाहेर पडला. बाहेर चिखल पसरला होता, आणि त्या चिखलावर एक पियानो उताणा पडला होता.

नव्या बाईंशी त्याचे बोलणे झाले ते नोव्हेंबरच्या त्या बैठकीनंतर पुढच्याच आठवड्यात, स्टेशनाजवळच्या कोंबिनीत. रस्त्यारस्त्यावर असणारे ते चोवीस तासांचे दुकान. त्याच्या खिडकीशी उभ्याने कॉफी प्यायची फळी असते. तिने त्याला ओळखले आणि बाजूला सरकून जागा करून दिली. थंडी वाढली होती. तिच्या अंगात गडद निळा, खांद्यांना मोठा होणारा पुरुषी कोट होता.

"तुमची हरकत आहे, असे ऐकले," ती म्हणाली.

"तुमच्यावर राग नाही."

"असला तरी चालेल. ते नाव मी मागितले नव्हते. सेनसेईंनी दिले." तिने कॉफीचा कागदी पेला दोन्ही हातांत धरला. "नाही म्हणायची सवयच गेली आमची. पांघरुणे दिली, घेतली. भांडी दिली, घेतली. दुसऱ्यांचे चष्मेसुद्धा एका खोक्यात आले होते. लावून बघायचे, दिसले तर आपले."

"तुमच्या भागात हायकू लिहिणारी एक बाई होती," देवदत्ताने हळूच सुरुवात केली. "चष्मा अनामिकेने वर करायची. महिन्यातून एकदा टोकियोला यायची. कदाचित तुम्ही..."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिला हसू येत होते की काय, हे कळेना. "कुठल्या गावची?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"आमचा किनारा केवढा आहे, माहीत आहे ना? चष्मा लावणारी बाई. अहो, माझ्या नवऱ्याला शोधताना मी नाव सांगितले, आईचे नाव सांगितले, गल्ली सांगितली, दातांच्या डॉक्टरचे नाव सांगितले. तरी सहा आठवडे लागले." तिने कोटाची एक बाजू उलटून आतले अस्तर दाखवले. मानेखाली पांढऱ्या फितीवर कोणाचे तरी आडनाव निळ्या दोऱ्याने शिवलेले होते. "हा कोट नागोयाहून आला. कोणा म्हाताऱ्याचा असेल. मुलाने दिला असेल. आत नाव होते ते मी उसवले नाही. गरम आहे."

तिने पेला चुरगळून बरोबर त्या त्या डब्यात टाकला. झाकण एका डब्यात, कागद दुसऱ्यात. जाताना ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणा. मला काहीच वाटणार नाही." तिला काहीच वाटणार नाही हे देवदत्ताला पटले, आणि त्या पटण्यानेच त्याला फार वाईट वाटले.

घरी ज्योत्स्ना भाजीला फोडणी देत होती. पोरगी टेबलाशी कानात गाण्याचे यंत्र घालून गृहपाठ करीत होती. ज्योत्स्ना पुण्याहून परत आली होती ती काहीशी वेगळी होऊन. पूर्वी ती मनात ठेवी, आता ती मोजके बोले, पण बोले.

"मग? देणार का संमती?"

"देता येणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे," देवदत्त म्हणाला. "एका व्यक्तीचे नाव तिच्या पाठीमागे काढून दुसऱ्या व्यक्तीला चिकटवायचे, हा त्या व्यक्तीचा लोप आहे. तिला विचारले का कोणी?"

झाकण ठेवल्याचा आवाज झाला. ज्योत्स्ना पदराला हात पुसत बाहेर आली.

"अहो, तुम्ही हे माझ्यासमोर उभे राहून म्हणताय?"

"म्हणजे?"

"चित्राला विचारलं होतं का कोणी?"

लग्नात सप्तपदीनंतर ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने त्याने 'ज्योत्स्ना' असे लिहिले होते. अक्षर चांगले यावे म्हणून तीनदा पुसून लिहिले. हे नाव त्याने स्वतः निवडले होते. चित्रा हे त्याला फार सपाट, शाळेच्या हजेरीतले वाटे, आणि जोडाक्षरांनी भरलेल्या या नव्या नावात जुन्या गद्याचा भारदस्तपणा होता.

"ती रीत होती," तो म्हणाला.

"हो ना. मग त्यांचीही रीतच आहे." ती अजिबात चिडलेली नव्हती, आणि त्यामुळे तिच्याशी वाद घालणे अशक्य झाले होते. "त्या तांदळाचा पुढे भात झाला, माहितीये? दमयंती आत्यांनी शिजवला. पंगतीत मीच खाल्ला असणार. बावीस वर्षांची होती हो चित्रा. सायकल चालवायची, पेटी वाजवायची. कुठे गेली म्हणून गेलात का कधी एखाद्या भिंतीपाशी चिठ्ठ्या वाचत?"

अक्षयाने कानातले यंत्र काढले. "आई, तुझं नाव चित्रा होतं? माजिदे?" खरंच की काय, असे तिने जपानीत विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा यंत्र कानात घातले. फोडणीचा धूर खोलीभर झाला. देवदत्त खिडकी उघडायला उठला. समोरच्या इमारतीत आपल्याकडच्याच लोकांची बिऱ्हाडे होती; गॅलऱ्यांत साड्या वाळत होत्या. एवढ्या उजळलेल्या खिडक्यांमागे किती बायका पुसलेल्या नावांवर दुसरी नावे घालून स्वयंपाक करीत असतील, असा एक विचार त्याच्या मनात आला. आणि हाही विचार आपण वाक्य म्हणूनच रचला, त्यातला 'उजळलेल्या' हा शब्द आधी बदलून मग ठेवला, हे ध्यानात येऊन त्याला स्वतःची शिसारी आली.

डिसेंबरची बैठक भरली तेव्हा बाहेर ऊन होते आणि ऊब नव्हती. देवदत्ताने आपली हरकत मुद्देसूद तयार केली होती. जपानीत, आदरार्थी रूपांत, कुठेही सेनसेईंचा अधिक्षेप होणार नाही अशा बेताने ती त्याने घासूनपुसून ठेवली होती. प्रथम रचनांची फेरी होणार होती, मग नावाचा प्रश्न. पट्ट्या पिसल्या गेल्या, उतरवल्या गेल्या. निवड वाचण्याची पाळी खिडकीकडच्या बाईंवर आली. तिने एकच रचना निवडली होती. ती तिने सावकाश, किनाऱ्याकडच्या आपल्या जडशा उच्चारांत वाचली:

नावावाचून
हाक मारावी कशी —
हिवाळी समुद्र

दालनात थर्मासचा उसासा ऐकू आला. रचना देवदत्ताची होती. आता त्याने रीतीप्रमाणे 'एन्शू' एवढेच म्हणायचे होते. त्याने तोंड उघडले. त्या क्षणी त्याला फलाटावरचा वारा लागला, पापड्यांच्या कागदाची कुरकुर ऐकू आली, आणि त्या आवाजात, जणू तो उच्चार इतके दिवस त्याच्याच घशात अडकून राहिला होता तसा, एक आवाज बाहेर पडला.

"देवदत्त दिगंबर सबनीस."

गामाची लेखणी नोंदीच्या कागदावर अधांतरी राहिली. "काय म्हणालात? देबु...?" तो कोणीतरी विनोद केला असावा अशा बेताने सगळ्यांकडे पाहून अर्धवट हसला. सेनसेईंनी यंत्र कानात चेपले. "कोण? पाहुणे आलेत का कोणी?"

"नाही, सेनसेई. एक नाव ऐकू आले, पण त्या नावाचे आपल्यात कोणी नाही," गामा म्हणाला.

"पुन्हा वाचा."

बाईंनी पुन्हा वाचले. एन्शू हा शब्द देवदत्ताला आठवत होता, तो जिभेपाशी होता. पण तो आता आपला आहे असे त्याला सिद्ध करता येईना. शेवटी सेनसेईंनी हळू आवाजात सांगितले, "योमिबितो शिराझु." कर्ता अज्ञात. शेकडो वर्षांपूर्वीच्या दरबारी काव्यसंग्रहांत, ज्यांची नावे हरवली किंवा घेणे शक्य नव्हते, त्यांच्या रचनांखाली हे शब्द लिहीत. गामाने ते लिहिले.

मग सेनसेईंनी नावाचा प्रश्न मांडला. कोणाची हरकत आहे काय? त्यांनी एकेकाकडे पाहिले आणि एन्शूच्या जागेकडे ते अधिक वेळ पाहत राहिले. घासूनपुसून ठेवलेली वाक्ये देवदत्ताच्या मनात आपापल्या क्रमाने उभी होती. ती बोलायला एक सदस्य लागत होता; आणि पलीकडे निळ्या कोटातली बाई मान खाली घालून, आणखी एक वस्तू घ्यायची की नाही हे दुसऱ्यांनी ठरवण्याची वाट पाहत बसली होती. त्याच्या गप्प बसण्याला त्या दालनात एकच अर्थ होता. सेनसेईंनी वाकून नमस्कार केला, सगळ्यांनी केला, त्यानेही केला; आणि त्या वाकण्यात, कपाळ चटईपाशी गेले असताना, त्याला स्वच्छ कळले की त्याने फलाटावरच्या चिदोरीला आता पाण्यात सोडून दिले आहे.

खाली कप्प्यांपाशी बाई बूट घालत होती. ती थांबली.

"वर म्हणालात ते तुमचे नाव?"

"हो."

"मला म्हणता येणार नाही ते." ती किंचित हसली. "माझे सांगू?"

यावेळी त्याने हात वर केला नाही. तिने सांगितले. आडनाव, नाव, गावाचेही नाव. हळूहळू, परदेशी माणसाला कळावे तसे. त्याने ते तिच्यासमोर दोनदा म्हणून दाखवले. "बरोबर," ती म्हणाली, आणि त्या दुसऱ्या कोणाच्या कोटाची कॉलर वर करून स्टेशनाच्या दिशेने निघून गेली.

तो ते नाव घोकत चालला. पहिल्या सिग्नलपर्यंत ते पाठ होते. कोंबिनीपाशी आपोआप उघडणारे दार वाजले, आतून 'इराश्शाइमासे' अशी स्वागताची आरोळी आली, आणि आडनावातली दोन अक्षरे मागेपुढे झाली. ती सरळ करण्यासाठी तो थांबला तेव्हा गावाचे नाव निसटले. मग त्याने तोंडाचा आकार आठवून पाहिला. आकार आला, पण तो जुन्याच ओठांचा, फलाटावरच्या. तो जवळजवळ धावत घरी आला, जणू घरी पोचल्यावर कोणी ते सांगणार होते.

दार ज्योत्स्नाने उघडले. "दिलीत?"

"दिली."

"बरं केलंत." त्याच्याकडे पाहून तिचा आवाज किंचित उतरला. "काय हो नाव त्या बाईंचं? खरं?"

एका हातात बूट घेऊन देवदत्त उंबऱ्याच्या खालच्या फरशीवर उभा होता. त्याने तोंड उघडले.

"चिदोरी," तो म्हणाला.

ज्योत्स्ना आत वळली. आतल्या खोलीतून, पुस्तकातून डोके वर न काढता, अक्षयाने जपानीतच ओरडून विचारले, "दारे?" कोण आलंय?

"कोणी नाही गं," ज्योत्स्ना म्हणाली. "बाबा आहेत."